दुआ आपल्या बोलीत

मकतबला जाणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलाला आज बऱ्याच दुआ पाठ असतात. जेवणाआधीची, जेवणानंतरची, झोपतानाची, उठल्यावरची, घरातून निघतानाची. पाहुणे आले की अम्मी सांगते, "बेटा, सुनाव", आणि मूल एका दमात सगळं म्हणून दाखवतं. सगळ्यांना कौतुक वाटतं, शिकवणाऱ्या हाफिजजींच्या मेहनतीचंही चीज होतं. पण त्याच मुलाला विचारा, आत्ता तू अल्लाहकडे काय मागितलंस? बहुतेक वेळा ते गप्प राहतं. एखादं धीट पोर उलट आपल्यालाच विचारतं: अल्लाहला मराठी येते का?

हा सवाल हसण्यावारी नेऊ नये. ज्याच्या मनात तो तसाच राहतो, ते मूल मोठेपणी दुआ करत नाही, करवून घेतं. परीक्षेआधी इमामसाहेबांकडून पाण्याची बाटली फुंकून आणतं, आजारपणात ओळखीच्यांना 'दुआ में याद रखना' असा मेसेज टाकतं, आणि कुणीतरी धाडलेला फॉरवर्ड भीतीपोटी पुढच्या अकरा जणांना ढकलतं. दुसऱ्याला दुआ करायला सांगण्यात गैर काहीच नाही. पण अल्लाहशी रोजचं बोलणंच ज्याने सुरू केलेलं नाही, त्याला अडचणीच्या दिवशी शब्द कुठून सुचणार?

सूरह बकरामध्ये रोजांचे नियम सांगता सांगता मध्येच एक आयत येते (२:१८६). माझे बंदे माझ्याविषयी विचारतील, तर मी जवळच आहे आणि हाक मारणाऱ्याची हाक ऐकतो, असा तिचा आशय. लोकांच्या प्रश्नांना उत्तर देताना कुरआनात बहुतेक ठिकाणी प्रेषितांना आधी 'कुल', म्हणजे 'सांगा', असा हुकूम येतो. इथे तो शब्द नाही. मुफस्सिरांनी याकडे मुद्दाम लक्ष वेधलं आहे: मागणारा आणि देणारा यांच्यामध्ये कुणालाच उभं केलेलं नाही.

अबू दाऊदमधली एक रिवायत तर प्रत्येक मकतबमध्ये सांगावी अशी आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका माणसाला विचारलं, तू नमाजमध्ये काय मागतोस? तो म्हणाला, मी जन्नत मागतो आणि जहन्नमपासून पनाह मागतो. तुमचं आणि मुआज यांचं ते पुटपुटणं मला काही जमत नाही. प्रेषित रागावले नाहीत. आम्हीही त्याच्याच आसपास पुटपुटतो, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. मोठमोठे शब्द न येणाऱ्या माणसाला याहून मोठा धीर काय हवा?

याचा अर्थ अरबी दुआ सोडून द्यायच्या असा कुणी घेऊ नये. त्या पाठ असायलाच हव्यात. दिवसभराच्या फर्ज नमाजच्या सतरा रकातींत आपण सूरह फातिहा सतरा वेळा वाचतो, आणि तिचा उत्तरार्ध म्हणजे सरळ रस्त्यासाठी केलेली साधी मागणी आहे. निदान तेवढ्याचा अर्थ तरी मुलाला त्याच्या भाषेत कळायला नको का? नमाजच्या आत आपल्या भाषेत मागण्याबाबत फुकहांची मतं वेगवेगळी आहेत. ज्याने त्याने आपल्या मसलकच्या आलिमांना विचारावं. नमाजबाहेर मात्र कुठल्याही भाषेत दुआ करायला वाव आहे. मराठीत, दखनीत, कोकणी बोलीत, रडत, अडखळत, कशीही.

आपल्या दखनच्या मातीत हे नवीन नाही. विजापूरच्या सूफींनी चक्कीनामे, चरखानामे रचले ते दखनीत, जात्यावर आणि चरख्यावर बसलेल्या बायांच्या तोंडी अल्लाहचं नाव यावं म्हणून. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला तो मराठीत. त्यांच्या सगळ्या विचारांशी आपण सहमत असू वा नसू, मराठीत अल्लाहची आठवण काढता येते हे सतराव्या शतकातच ठरून गेलं आहे.

मुलांना शिकवण्याची पद्धतही प्रेषितांकडूनच घेता येते. वारीवर मागे बसलेल्या लहानग्या इब्ने अब्बास यांना त्यांनी चालता चालता सांगितलं की मागायचं तर अल्लाहकडे माग. नातू हसन यांना वित्रमध्ये म्हणायची कुनूत शिकवली, तेव्हा ते फार तर सात-आठ वर्षांचे असतील. (कोकणातल्या शाफई मशिदींत फज्रच्या वेळी मुलं जी कुनूत ऐकतात, ती हीच. मराठवाड्यातल्या हनफी घरांत वित्रला वेगळी म्हणतात.) वर्ग नाही, छडी नाही, पाहुण्यांसमोर परीक्षा नाही. घरातलं मूल आणि घरातला मोठा माणूस.

म्हणून रात्री दिवा मालवल्यावर पाच मिनिटं काढावीत. आधी अम्मीने किंवा अब्बांनी स्वतः मुलाला ऐकू जाईल असं मागावं. घराचं भाडं, दादीचा गुडघा, जे असेल ते. मग मुलाला मागू द्यावं. ते सायकल मागेल, मागू द्या. शेजारच्या सुरेशच्या आजारी कुत्र्यासाठी मागेल, त्यालाही आमीन म्हणा. व्याकरण सुधारू नका, आणि कृपा करून मोबाइलवर रेकॉर्ड करू नका. हजरत जकरिया यांनी म्हातारपणी मूल मागितलं ते हळू आवाजात, हे सूरह मरयमच्या सुरुवातीलाच आहे.

सगळ्यात अवघड जागा पुढे येते. मूल दादीसाठी महिनाभर मागतं आणि दादी जाते. अशा वेळी काही घरांत सहज म्हटलं जातं, "तू दिल से नहीं माँगा." हे वाक्य मुलाच्या मनात वर्षानुवर्षं राहतं, आणि ते खोटं आहे. खुद्द प्रेषितांची हजरत फातिमा सोडून सगळी मुलं त्यांच्या हयातीत गेली. तान्हा इब्राहीम गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. त्यांच्या दुआत काय कमी होतं? मुस्नद अहमदमधल्या हदीसनुसार दुआ तीनपैकी एका वाटेने पोचते: मागितलेलं मिळतं, किंवा ते आखिरतसाठी राखलं जातं, किंवा तेवढंच एखादं संकट टळतं. मुलाला एवढं सांगावं, जवळ घ्यावं, आणि त्याच्याबरोबर रडावं.

आई-बापांसाठी एक गोष्ट वेगळी. सहीह मुस्लिममध्ये प्रेषितांनी आपल्या मुलांना बद्दुआ देऊ नका असं बजावलं आहे, न जाणो ती घडी कबूल होण्याची असेल. आपल्या गल्ल्यांत दुपारी कान देऊन ऐका, मुलांना काय काय म्हटलं जातं ते. रात्री त्याच तोंडाने दुआ शिकवायची आहे.

मशीद कमिट्यांना एक विनंती. मकतबमध्ये दुआंची जी छोटी पुस्तिका देता, तिच्या पुढच्या छपाईत अरबीच्या खाली दोन ओळी मराठीत अर्थ घाला, आणि शेवटचं एक पान कोरं सोडा. त्यावर मुलाने स्वतःची दुआ स्वतःच्या हाताने लिहावी. हाफिजजींनी ते पान तपासू नये.