विश्लेषण : मानवसदृश रोबोंच्या शर्यतीत पुणे कुठे?

माणसासारखे हात-पाय असलेला ‘ह्यूमनॉइड’ म्हणजेच मानवसदृश रोबो तयार करणाऱ्या कंपन्यांमध्ये जगभर प्रचंड गुंतवणूक होत आहे. पुण्याजवळ दिघीतील संरक्षण प्रयोगशाळेत लष्करासाठी असा रोबो आकार घेत आहे, तर पुण्यातील मक्स रोबोटिक्ससारखी नवउद्यमी कंपनीही या क्षेत्रात उतरली आहे. मात्र, अशा कंपन्या वाढतात कशाच्या बळावर आणि वाहनउद्योगाचे शहर असलेल्या पुण्याला त्यात संधी किती, याचा आढावा.

दिघीत काय घडते आहे?

डीआरडीओची ‘रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट (इंजिनीअर्स)’ ही प्रयोगशाळा दिघीत आहे. बॉम्ब निकामी करण्यासाठी वापरला जाणारा दूरनियंत्रित ‘दक्ष’ रोबो येथेच विकसित झाला. सुरुंग, स्फोटके, घातक द्रव हाताळण्याची जोखमीची कामे जवानांऐवजी यंत्राकडे सोपवण्यासाठी येथे मानवसदृश रोबोवर काम सुरू असल्याची माहिती मे २०२५ मध्ये देण्यात आली. तोपर्यंत चार वर्षांच्या कामातून शरीराच्या वरच्या आणि खालच्या भागाचे स्वतंत्र नमुने तयार झाले होते. वरच्या भागाला २४ प्रकारच्या स्वतंत्र हालचाली करता येतात. त्यांपैकी प्रत्येक हातात सात, प्रत्येक पंजात चार आणि डोक्यात दोन. प्रकल्प २०२७ पर्यंत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट आहे.

चिनी कंपन्या पुढे कशा गेल्या?

जपानच्या होंडाने २००० मध्ये ‘असिमो’ हा चालणारा रोबो जगासमोर आणला. तो जगभर गाजला, पण कधीच बाजारात विक्रीला आला नाही. २०२२ मध्ये त्याची प्रात्यक्षिकेही थांबली. याउलट चीनमधील हांगझोऊ येथील युनिट्री ही कंपनी २०१६ मध्ये सुरू झाली. तिने आधी चार पायांचे ‘रोबो श्वान’ विकले. त्यातून हात बसल्यावर ती दोन पायांच्या रोबोंकडे वळली. तिच्या ‘जी१’ रोबोची किंमत २०२४ मध्ये १६ हजार डॉलरपासून सुरू होत होती. जुलै २०२५ मध्ये आलेल्या ‘आर१’ची सुरुवातीची किंमत ३९ हजार ९०० युआन, म्हणजे सहा हजार डॉलरच्या आत होती.

किंमत इतकी कमी होण्याचे कारण रोबोच्या सांध्यांत आहे. प्रत्येक सांध्यात मोटर, गिअरबॉक्स, सेन्सर आणि नियंत्रक असतो. असे वीस-तीस सांधे एका रोबोत लागतात. युनिट्री मोटर आणि गिअरबॉक्स स्वतः तयार करते. शिवाय विजेवरील वाहने आणि ड्रोनच्या उद्योगामुळे चीनमध्ये बॅटरी, सेन्सर, मोटर यांचे पुरवठादार हाताशी आहेत.

हे रोबो विकत कोण घेते?

येथे आकडे सावधगिरीचा इशारा देतात. युनिट्रीच्या २०२४ मधील विक्रीत चार पायांच्या रोबोंचा वाटा सुमारे ६५ टक्के होता, मानवसदृश रोबोंचा सुमारे ३० टक्के. हे मानवसदृश रोबोही संशोधन, शिक्षण आणि हौशी ग्राहकांकडे गेले. म्हणजे आज खरेदीदार आहे तो विद्यापीठ, कारखाना नव्हे. चीनमध्ये अशा दीडशेहून अधिक कंपन्या झाल्याने फुगा निर्माण होण्याचा धोका असल्याचे तेथील नियोजन यंत्रणेनेच नोव्हेंबर २०२५ मध्ये बजावले.

पुण्याची ताकद कोणती, अडचण कुठे?

मोटर, गिअर, घडीव आणि यंत्रित सुटे भाग बनवणारे शेकडो लघुउद्योग पिंपरी-चिंचवड, चाकण, भोसरी पट्ट्यात आहेत. रोबोचा सांधा बनवायला हेच कौशल्य लागते, फक्त अचूकता अधिक हवी. बजाज ऑटोने माणसांसोबत काम करणारे ‘कोबोट’ २०१० पासून वापरात आणले, त्यामुळे रोबो कारखान्यात रुळवण्याचा अनुभवही येथे आहे.

अडचण आहे ती चुंबकांची. दुर्मीळ खनिजांपासून बनणाऱ्या चुंबकांपैकी सुमारे ९० टक्के चुंबक चीन बनवतो. एप्रिल २०२५ मध्ये चीनने निर्यातीवर निर्बंध आणताच टेस्लाच्या ‘ऑप्टिमस’ रोबोचे काम अडल्याचे इलॉन मस्क यांनी सांगितले. ऑगस्टमध्ये आपल्या विजेवरील दुचाकींचे उत्पादन शून्यावर येऊ शकते, असा इशारा राजीव बजाज यांनी जुलैमध्ये दिला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने देशात चुंबकनिर्मितीसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. मात्र, खनिजापासून चुंबकापर्यंतची साखळी उभी राहायला वेळ लागेल.

कामगारांच्या नोकऱ्यांवर गदा येईल का?

लगेच नाही. कारखान्याची जमीन सपाट असते. तेथे पाय असलेल्या रोबोपेक्षा जागेवर बसवलेला यांत्रिक हात अधिक वेगवान आणि भरवशाचा ठरतो. हे साधे रोबोही भारतात कमीच आहेत. २०२४ मध्ये चीनमध्ये सुमारे २ लाख ९५ हजार औद्योगिक रोबो बसवले गेले, भारतात सुमारे ९,१००. तरीही रोबोची किंमत याच वेगाने घसरत राहिली, तर माल उचलणे, मांडणे, भाग यंत्रावर चढवणे ही कामे सर्वांत आधी यंत्राकडे जातील. चाकणमध्ये ही कामे बहुतांशी कंत्राटी कामगार करतात आणि नव्या कौशल्याचे प्रशिक्षण त्यांच्यापर्यंत सर्वांत उशिरा पोहोचते.

म्हणूनच पुण्यातील कंपन्यांची प्रगती मोजताना त्यांचा रोबो प्रदर्शनात किती पावले चालला, याला फार महत्त्व नाही. त्याचे सांधे कुठे बनले, हे पाहायला हवे. ते आयात झाले, तर पुण्याच्या वाट्याला केवळ जुळणी येईल आणि रोजगारावरचे संकटही. ते भोसरी-चाकणमध्ये बनले, तर त्याच संकटाला उत्तर देणारे नवे काम येथे उभे राहू शकेल.