प्रवेशाचे हक्क राखीव

मी आंजीचा. आंजी मोठी, जिल्हा वर्धा. १९७५ पासून आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. कॉकटेल आम्ही सिनेमात पाहिलं. पण कापूस आम्हाला कुणी शिकवू नये. विदर्भाचा कापूस मुंबईच्या गिरण्यांनी गिळला. त्या गिरण्यांत आज काय शिजतं, काय वाजतं, हे विचारायचा हक्क मला हाय.

लोअर परळची कमला मिल बघा. साचे गेले, ऑफिसं आली, गच्चीवर पब आले. जेवण, कॉकटेल, लाइव्ह म्युझिक. असल्या ठिकाणांच्या दारात बाउन्सर, अन् पाटी : प्रवेशाचे हक्क राखीव. दोस्तांनो, आपल्या राखीव जागांच्या नावानं बोटं मोडणारी हीच जमात. स्वतःच्या दारावरचं आरक्षण यांना खुपत नाही!

हा दरवाजा नवा नाही. गिरण्यांत विणकामखात्यात पगार जास्त. पण धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढावा लागे. अस्पृश्याच्या थुंकीनं सूत बाटतं म्हणून आपल्या बापजाद्यांना साच्यावर मज्जाव. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल उघड मांडला. कामगारांच्या खांद्यावर लाल बावटा होता, डोक्यात विटाळ होता. आज त्याच गिरणगावात नळीनं कॉकटेल ओढतात. तोंडं बदलली. पहारा तोच.

१८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार संपावर गेले, ते देशोधडीला लागले. १९९१ चा नियम सांगत होता : गिरणीच्या जमिनीचा एक वाटा शहराच्या मोकळ्या जागेला, एक सार्वजनिक घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये सरकारनं वाटणी फक्त रिकाम्या तुकड्यापुरती ठेवली. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती मान्य केली. कामगारांची पोरं अजून घराच्या अर्जाचा कागद धरून उभी. मालकांना मॉल आणि बार.

२९ डिसेंबर २०१७. कमला मिलमध्ये 'वन अबव्ह' आणि 'मोजोज बिस्ट्रो'ला मध्यरात्रीनंतर आग लागली. १४ माणसं मेली. त्या मरणावर मी हसणार नाही. ती कुणाची तरी लेकरं होती. पण ध्यानात घ्या : आत येताना दार राखीव, जीव वाचवायला वाट अडलेली. नफ्याला गिऱ्हाइकाचीही माया नसते.

घटनेचं कलम १५ (२) सांगतं : दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा – जातीवरून कुणालाही अडवता येणार नाही. खिसा त्या यादीत नाही. म्हणून जात खिशात जाऊन बसली. एका कॉकटेलच्या दामात आमच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाईची दिवसभराची मजुरी बुडते.

आणि लाइव्ह म्युझिक? ते आम्हाला काऊन शिकवता बे? १४ एप्रिलला वस्तीत भीमगीतांचा मुकाबला रंगतो. तिकीट नाही, बाउन्सर नाही. दहा वाजले की पोलीस माइक बंद करतात, कारण आपलं गाणं उघड्यावर. बंद भिंतीतल्या गाण्याला नियमात सवलत. ज्याच्याकडं भिंत, त्याची रात्र!

आम्हाला जेवण, गाणं, रात्र नको असं नाही. पण गिरणीच्या जमिनीवर आधी कामगारांची घरं पाहिजेत. अन् ती पाटी उतरवा. तुम्ही उतरवणार नसाल तर आम्ही येतोच आहोत.