तळघर खोदण्याआधी मलब्याचा हिशेब

जुन्या जालन्यातल्या दाट वस्तीत घराला बाजूने वाढायला जागा नसते. मुलांची लग्ने होतात, दुकानाचा माल वाढतो आणि मग घराखाली तळघर काढण्याचा विचार पुढे येतो. खर्चाच्या यादीत सिमेंट, सळई, वाळू असते. निघणाऱ्या मलब्याची ओळ मात्र राहून जाते. मग काम सुरू झाले की गल्ली अडते आणि शेजाऱ्यांशी कुरबुर सुरू होते.

म्हणून आधी मोजमाप करा. दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि नऊ फूट खोल तळघर म्हणजे १,०८० घनफूट, जवळपास ११ ब्रास. खोदलेली माती मोकळी होऊन फुगते. ती १३-१४ ब्रास भरते. वरची चार इंची काँक्रीटची जमीन फोडली की आणखी ४० घनफूट. आकडा लहान वाटतो, पण एक घनफूट काँक्रीटचे वजन सुमारे ६८ किलो असते. म्हणजे हे पावणेतीन टन झाले! ट्रॉलीचे माप घेऊन किती खेपा लागतील ते काढा. मलबा कुठे टाकायचा आणि खेपेचा दर काय, हे ठेकेदाराकडून लिहून घ्या. टाकायच्या जागेबद्दल महानगरपालिकेत किंवा नगरपरिषदेत चौकशी करा. माती-मुरूम बाहेर न्यायचा असेल तर गौण खनिजाच्या परवानगीबद्दल तहसील कार्यालयात आधी विचारा.

दुसरे काम वेगवेगळे ढीग करण्याचे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तळघराच्या भिंतीमागे ती भरू नका. सिमेंट मिसळले नसेल तर शेताला द्या. मुरूम जोत्याच्या भरावाला चालतो. फोडलेले काँक्रीट आणि विटांचे तुकडे अंगणातल्या फरशीखाली घालता येतात. जुन्या काँक्रीटची खडी नव्या कामात वापरायला भारतीय मानक आयएस ३८३ ने २०१६ पासून मर्यादित मुभा दिली आहे, पण ती तपासून घेतलेल्या खडीला. घरी घणाने फोडलेली खडी स्लॅबमध्ये घालू नका. निघालेली सळई भंगारात द्या. जालन्याच्या भट्ट्यांत भंगार वितळवूनच नवी सळई तयार होते.

आता जिवाची गोष्ट. उभ्या घराखाली सगळी माती एकदम कधीही काढू नका. अभियंत्याचा नकाशा घ्या. पायालगतचे काम तो सांगेल तसे थोड्या थोड्या लांबीत करा, एक तुकडा बांधून पक्का झाल्यावरच पुढचा खोदा. मलब्याचा ढीग खड्ड्याच्या काठापासून निदान पाच फूट लांब ठेवा, नाहीतर त्याच्या भाराने कड ढासळते. शेजाऱ्याच्या भिंतीलगत ढीग लावू नका. पावसाळ्यात हे काम काढूच नका.

काँक्रीट फोडताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि कायमचा आजार देऊ शकते. पाणी मारत फोडा, मजुरांना चांगले मास्क द्या, मुलांना त्या खोलीकडे फिरकू देऊ नका.

रात्री गुपचूप ट्रॉली कुंडलिकेच्या काठी रिकामी करणे हा सोपा मार्ग वाटतो. पण नदीचे पात्र अरुंद झाले की पुराचे पाणी काठच्या गरिबांच्या घरात शिरते. २०१६ च्या केंद्रीय नियमांनीही मलबा रस्त्यावर वा नाल्यात टाकायला मनाई केली. आपल्याकडे तर रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानचा भाग सांगितला आहे. मग आपल्याच घराचा ढीग वाटेत टाकून कसे चालेल?

खोदकामाच्या आठवडाभर आधी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना भेटा. काम किती दिवस चालेल, ट्रॉली कोणत्या वेळी येईल, ते सांगा. त्यांच्या भिंतींवर आधीच्या भेगा असतील तर त्यांच्या समोरच फोटो काढून ठेवा. पुढचा वाद तिथेच मिटतो.