मुदतीची सबब

कर्करोगाच्या रुग्णाची उतरण बहुधा घरच्यांच्याही ध्यानात येते. परंतु फुप्फुसाच्या जीर्ण विकाराने ग्रासलेला मनुष्य हिवाळ्यात अत्यवस्थ होतो, आठवडाभर रुग्णालयात काढून घरी परततो आणि पुढल्या खेपेसही असाच उठेल असा भरवसा आप्तांच्या मनात निर्माण करतो. या अनिश्चिततेपोटीच आपल्यापैकी पुष्कळ जण उपशामक शुश्रूषेचा विषय लांबणीवर टाकतात, आणि अखेरीस तो अतिदक्षता विभागाच्या दारात, श्वासनलिकेत नळी घालावयाची किंवा नाही या प्रश्नाच्या रूपाने, भांबावलेल्या मुलापुढे येतो. मुदत सांगता येत नाही ही सबब आम्हांस मान्य नाही. शुश्रूषेच्या प्रारंभास धाप पुरेशी आहे.

चुलीच्या धुरात उभा जन्म काढलेली, विडीला कधी न शिवलेली एखादी वृद्धा मांडीवर उशी घेऊन रात्र ओणवी बसून काढते, न्हाणीघरापर्यंत चालण्याच्या धास्तीने पाणी कमी पिते आणि तपासणीच्या वेळी ‘बरं आहे’ एवढेच म्हणते. तिच्या दप्तरी स्पायरोमेट्रीचे आकडे असतात, न्हाणीघराचे अंतर नसते. रक्तातील प्राणवायू पुरेसा असता नळीतला प्राणवायू तिच्या धापेवर साध्या हवेहून सरस ठरत नाही. गालावर व नाकपुड्यांवर धरलेल्या लहानशा पंख्याचा झोत मात्र पुष्कळदा उपयोगी पडतो, आणि तो सुचविण्यात आपल्या पदवीस काही कमीपणा येत नाही.

मॉर्फीनची गोष्ट निराळी. नियमित अल्प मात्रेने सीओपीडीतील धाप हटत नाही, असे 2022 च्या चाचणीत आढळले; म्हणून ते सरसकट देऊ नये, परंतु इतर इलाज थकल्यावर, अल्प मात्रेत, सारकासह व देखरेखीखाली देण्याचा विचार जरूर व्हावा. 1985 च्या अंमली पदार्थ कायद्याची धास्ती हे न देण्याचे कारण होऊ शकत नाही. 2014 च्या दुरुस्तीने परवान्यांचे जंजाळ पुष्कळसे आवरले आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली मान्य केलेले आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी अथवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमक्ष करता येते. तेव्हा रुग्ण घरी परतून स्थिरावला की त्याच्या पहिल्याच भेटीत हा विषय काढावा, आणि त्यासाठी त्या दिवशी आणखी एक खुर्ची मांडून घरच्या माणसासही बसवून घ्यावे, अशी आमची वाचक-वैद्यांस विनंती आहे.