द्राक्षाचे पैसे अडकले? वकील गाठायला उशीर नको

द्राक्षाचा हंगाम सरला की निफाड, दिंडोरीत तीच तक्रार कानावर येते. व्यापारी माल घेऊन गेला, चेक दिला, तो वटलाच नाही. मग 'आज देतो, उद्या देतो' यावर शेतकरी महिने काढतो आणि खरा घाटा तिथंच होतो.

चेक परत आल्याचं बँकेनं कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर व्यापाऱ्याला १५ दिवस. तरी पैसे नाही आले, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. ही मुदत हुकली की कलम १३८ चा धाक जातो. उरतो दिवाणी दावा. त्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते, पण तो रेंगाळतो.

म्हणून वकील बांधाच्या भांडणातला ओळखीचा आहे, एवढ्यावर जाऊ नका. चेक बाउन्स आणि वसुलीची कामं करतो का, ते विचारा. वसुलीत हिस्सा मागणाऱ्यापासून लांब राहा. वकिलांना तशी फी घ्यायला मनाई आहे. ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथं उत्पन्नाची अट नाही.

जाताना चेक, बँकेचा मेमो, वजनाची पावती सोबत घ्या. तोंडी व्यवहार कोर्टात टिकवणं अवघड.