रोज मरे त्याला कोण रडे

सर्व्हर मॉनिटरिंग लावणं तसं सोपं काम आहे. नागिऑस घ्या नाहीतर प्रोमिथियस, अर्ध्या दिवसात पाचपन्नास चेक उभे राहतात. सीपीयू ९०, मेमरी ८५, डिस्क ८० टक्के. हे आकडे कुठून आले विचारलं तर उत्तर ठरलेलं - "आधीपासून असेच आहेत!" मग मेल्सचा पाऊस सुरू होतो. पहिला आठवडा सगळे इमानदारीत वाचतात. दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी रूल लावून सगळे अलर्ट वेगळ्या फोल्डरमध्ये ढकलतो. तो फोल्डर उघडतो थेट दिवाळीच्या साफसफाईत.

माझं स्पष्ट मत आहे - ज्या अलर्टवर कोणी काहीच करत नाही, तो सरळ बंद करावा.

टोकाचं वाटतंय? मग हे बघा. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या ट्रेडिंग कंपनीत बाजार उघडायच्या आधी एका बिघाडाचे ९७ ऑटोमॅटिक मेल कर्मचाऱ्यांना गेले होते. ते अलर्ट म्हणून बनवलेलेच नव्हते आणि आल्या आल्या वाचायची पद्धतही नव्हती. बाजार उघडला आणि पाऊण तासात चुकीच्या ऑर्डर्सपायी ४६ कोटी डॉलर्सहून जास्त नुकसान झालं. म्हणजे माहिती होती, फक्त ती कोणाला हलवू शकली नाही.

मग थ्रेशोल्ड ठरवायचा कसा? डिस्कचंच घ्या. १०० जीबीची डिस्क ८० टक्के भरली तर २० जीबी उरतात, ४ टीबीची भरली तर ८०० जीबी. दोघींना एकच काठी कशी चालेल? खरा प्रश्न "किती भरली" हा नाहीच, "या वेगाने कधी भरेल" हा आहे. प्रोमिथियसमध्ये असा अंदाज बांधायला प्रेडिक्ट लिनिअर नावाचं फंक्शनच आहे. चार तासांत भरणार असेल तर माणसाला झोपेतून उठवा. चार दिवसांत भरणार असेल तर सकाळी तिकीट टाका, चहा पिऊन बघेल तो.

सीपीयूचंही तेच. रात्रीचा बॅच जॉब ९५ टक्के खात असेल तर उलट मशीनचे पैसे वसूल होताहेत. युजरला पान उघडायला किती वेळ लागतोय, किती रिक्वेस्ट फेल होताहेत, त्यावर अलर्ट लावा. आणि एकदा रेषा ओलांडली की लगेच बोंब नको. नागिऑसमध्ये चेक ठरवलेल्या संख्येइतका सलग फेल झाला तरच स्टेट 'सॉफ्ट'ची 'हार्ड' होते आणि मग नोटिफिकेशन जातं. ही सोय वापरायला पैसे पडत नाहीत.

"पण एखादा खरा प्रॉब्लेम निसटला तर?" हा प्रश्न मीटिंगमध्ये येतोच. रास्त आहे. पण रात्रीत तीनदा उगाच उठलेला माणूस चौथ्या वेळी फोन उलटा ठेवून झोपतो. तेव्हा जे निसटतं त्याचं काय?

अर्थात नुसती शांतताही फसवी असते. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबचा प्रॉडक्शन डेटा चुकून उडाला, तेव्हा कळलं की बॅकअप फेल होत होते आणि तसं सांगणारे मेल डीमार्कच्या तपासणीत अडकून नाकारले जात होते. म्हणून एक चेक असा हवा जो ठराविक वेळाने नुसतं "मी जिवंत आहे" म्हणेल, आणि तो गप्प झाला की दुसरीकडून घंटा वाजेल.

असो. सोमवारी ऑफिसला गेलात की मागच्या आठवड्याचे अलर्ट काढा आणि प्रत्येकापुढे लिहा - हा आल्यावर कोणी काय केलं? जिथे "काही नाही" लिहावं लागेल तिथे आकडा बदला, नाहीतर चेकच काढून टाका. मशीनला कितीही वेळा ओरडता येतं. पहाटे तीनला उठणाऱ्या माणसाची झोप मात्र मोजकी असते, आणि त्याचा अलर्टवरचा विश्वास त्याहून मोजका.