अपिलाची मुदत आणि निकालाची नक्कल

खुनाच्या खटल्यात अलिबागच्या सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली, तर उच्च न्यायालयात अपील करण्यास कायद्याने ६० दिवस दिले आहेत. मुदत पुरेशी दिसते. परंतु खांबसारख्या गावातील मजुराच्या घरी हे दिवस कसे जातात? नकलेसाठी अलिबागच्या खेपा, वकिलाच्या शोधात मुंबईच्या खेपा आणि प्रत्येक खेपेला बुडालेला रोज! वकिलाची फी यानंतरची.

वास्तविक हा प्रश्न १९७८ सालीच निकालात निघावयास हवा होता. महाराष्ट्र सरकारविरुद्धच्या हॉसकॉट प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट बजावले, की कैद्याला निकालाची प्रत वेळेवर व विनामूल्य मिळालीच पाहिजे आणि ऐपत नसलेल्याला अपिलासाठी वकील शासनाने पुरविला पाहिजे. हॉसकॉट विद्यापीठात शिकविणारा गृहस्थ. प्रत हाती पडली नाही, अशी त्याची तक्रार होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचेपर्यंत शिक्षा भोगून संपली होती. शिकलेल्याची ही गत, तर अंगठा उठविणाऱ्या कातकऱ्याची काय असेल?

खुन्यांचा एवढा कळवळा कशाला, असे विचारले जाते. विचारणाऱ्यांनी नाशिकजवळचे प्रकरण आठवावे. जून २००३ मध्ये एका कुटुंबावर दरोडा पडला, पाच जणांची निर्घृण हत्या झाली. भटक्या जमातीतील सहा जण पकडले गेले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सरकारच्याच अपिलावर, पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नाही. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने फेरविचारात सहाही जणांना निर्दोष ठरविले. त्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षांच्या तुरुंगवासाबद्दल प्रत्येकी पाच लाख रुपये! आणि मृतांच्या आप्तांना खरे गुन्हेगार कोण, हे त्या निकालानेही कळले नाही.

कार्यकर्त्यांनी सभा-ठराव जरूर करावेत. पण शिक्षा झालेल्याच्या घरी आधी जावे. निकालाची तारीख टिपून घ्यावी, नक्कल मिळाली का ते विचारावे आणि वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करवावा. मृताच्या घरीही जावे. आरोपी सुटला तर त्याविरुद्ध अपील करण्याचा हक्क २००९ च्या अखेरीपासून पीडितांनाही आहे; त्या घरीदेखील हे कोणी सांगितलेले नसते.